प्रसूतीनंतरचे पहिले तीन दिवस : स्तन्यप्रवृत्ती आणि अंतःस्रावांचे कार्य

प्रसवकाळी माता व बालक यांच्या अंतःस्रावांत जे पालट होतात, त्यांची ओळख जव्हार-मोखाडा परिसरातील वैद्यांना व औषधविक्रेत्यांना असणे अगत्याचे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील हे दोन डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके होत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे येथील कुपोषणाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. कुपोषित मातेचे बालक बहुधा अल्पवजनी, म्हणजे २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरते. अशा बालकाच्या बाबतीत पहिल्या तीन दिवसांतील आहाराचा प्रश्न जीवनमरणाचा ठरू शकतो.

मातेच्या शरीरातील पालट

गर्भिणी अवस्थेत अपरेतून (वारेतून) प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणात स्रवते. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन त्या वेळी वाढलेले असते. परंतु प्रोजेस्टेरॉन त्याचे कार्य रोखून धरते. वार पडताच प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि साधारणतः ३० ते ७२ तासांत स्तन भरून येतात. स्त्रियांचे स्तन्य तीन वा चार रात्रींनंतर प्रवृत्त होते, हे सुश्रुतांचे निरीक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. वारेचा तुकडा आत राहिल्यास ही प्रक्रिया लांबते. म्हणून दूध न येणे व रक्तस्राव न थांबणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास स्तन्यजनन औषध देत न बसता सूतिकेला तातडीने रुग्णालयात पाठवावे.

बालकाने स्तन चोखताच ऑक्सिटोसिन स्रवते. त्याने दूध बाहेर येते आणि गर्भाशयही आकुंचन पावते. अपत्याचा स्पर्श, दर्शन व स्मरण यांनी स्तन्य स्रवते, तर शोक व क्रोध यांनी ते नष्ट होते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. भय व वेदना यांनी ऑक्सिटोसिनचा स्राव अडतो, हे आधुनिक शास्त्रही मान्य करते.

बालकाच्या शरीरातील पालट

नाळ कापताच मातेकडून येणारी साखर थांबते. पहिल्या एक-दोन तासांत बालकाची रक्तशर्करा सर्वांत खाली जाते. तेव्हा इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन व ॲड्रेनॅलिन वाढतात आणि यकृतातील साठ्यातून साखर मोकळी होते. थंडीपासून रक्षणासाठी थायरॉइडचे स्रावही वाढतात व शरीरातील तपकिरी मेद जळून ऊब निर्माण होते. अल्पवजनी बालकाजवळ साखर व मेद या दोहोंचाही साठा तुटपुंजा असतो. म्हणून त्याला कोरडे पुसून मातेच्या उघड्या छातीशी धरावे, वर पांघरूण घालावे व पहिल्या तासातच स्तनाला लावावे.

मधल्या काळात काय द्यावे?

दूध तिसऱ्या दिवशी येते, म्हणून तोवर मध, गुळाचे पाणी वा घुटी द्यावी, असा समज अनेक घरांत आढळतो. सुश्रुतांनीही पहिल्या दिवशी मध-तूप सांगितले आहे. चरकांनी मात्र मध-तुपानंतर लगेच स्तनपान सांगितले आहे. आज आपणांस दोन गोष्टी ज्ञात आहेत. विपुल दूध तिसऱ्या दिवशी येत असले, तरी चिकाचे दूध प्रसूतीपूर्वीच तयार असते. ते चमचाभरच असते. नवजाताच्या जठरालाही तेवढेच पुरते. दुसरे म्हणजे, मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूंचे बीजाणू असू शकतात. त्यामुळे एक वर्षापर्यंत मध वर्ज्य आहे. शिवाय वरचे पदार्थ पोटात गेले की बालक कमी चोखते आणि कमी चोखल्याने प्रोलॅक्टिन कमी राहते. अर्थात दूध कमी आहे म्हणून दिलेली घुटीच दूध कमी करते. निरीक्षण सुश्रुतांचे व क्रम चरकांचा स्वीकारून मध तेवढा वगळावा, असे आमचे मत आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

१. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. उष्णतेने त्याची शक्ती घटते. कळा वाढविण्यासाठी ते चिठ्ठीविना कदापि देऊ नये. त्याने गर्भाशय फाटू शकते.

२. स्तनदा मातेला पहिले सहा महिने माला-एन, माला-डी यांसारख्या संयुक्त गोळ्या देऊ नयेत. त्यांतील इस्ट्रोजेनने दूध घटू शकते. ‘छाया’ ही गोळी हार्मोनविरहित असून स्तनदा मातेस चालते.

३. शतावरी कल्प मागणाऱ्या घरास प्रथम दोन प्रश्न विचारावेत : बालक दिवसरात्रीतून किती वेळा अंगावर पिते, आणि माता पोटभर जेवते काय? २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत चौरस आहार देण्यात येतो. त्याची आठवण करून देणे हेही चिकित्सेचेच अंग होय.

आसन्नप्रसवा स्त्री दवाखान्यात आली असता तिच्यासह सासूला व सुईणीलाही हा विषय समजावून सांगावा, कारण पहिला घोट कशाचा हे बहुधा त्याच ठरवितात.