बारावीचे वेळापत्रक : पहिली ओळ झोपेची

डिसेंबर महिना लागला की दवाखान्यात एक विशिष्ट प्रकारचे रुग्ण यायला लागतात. ताप नाही, खोकला नाही, पण डोके दुखते, छातीत धडधडते, जेवण जात नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. वय सतरा-अठरा. सोबत काळजीत पडलेले आई-वडील. मागच्या एका हिवाळ्यात पवनी तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. ती कॉलेजात प्रयोगशाळेत उभी असताना चक्कर येऊन पडली होती. खुर्चीवर बसण्याआधीच वडील म्हणाले, "डाक्टरसाहेब, हिले एखादी ताकदीची सुई देऊन द्या. बारावीचं साल आहे."

मी सुई दिली नाही. मुलीला विचारले, "बेटा, अभ्यासाचे वेळापत्रक केले आहेस का?" तिने दप्तरातून वही काढली. सुरेख अक्षरात, पट्टीने रेघा मारून केलेले वेळापत्रक होते. पहाटे ४ ते ६ भौतिकशास्त्र, मग एसटी, कॉलेज, शिकवणी, परत एसटी, रात्री ७ पासून १२ पर्यंत रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित. मी ते दोनदा वाचले. त्यात न्याहारीचा रकाना नव्हता आणि झोपेचाही नव्हता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवे.

वाचकहो, आजचा लेख त्या वहीवरून सुचला. परीक्षेची तयारी हा शिक्षकांचा विषय आहे, डॉक्टरने त्यात का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण तयारी ज्या शरीराने करायची ते शरीर आमच्याकडे येते, म्हणून बोलणे भाग आहे.

परीक्षा एक नाही, तीन

आमच्या वेळी बारावी म्हणजे एकच परीक्षा होती. मी १९८७ साली बसलो तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्याच गुणांवर होत असे. आज विज्ञान शाखेच्या बहुतेक मुलांसमोर एकामागून एक तीन डोंगर असतात. नागपूर विभागीय मंडळाची बारावीची लेखी परीक्षा २०२४ मध्ये २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती, २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्याआधी प्रात्यक्षिके. मग राज्याची सीईटी, जी २०२५ मध्ये एप्रिलात झाली. शेवटी मेडिकलसाठी नीट. ती २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, ऐन उन्हात झाली.

मोठ्या शहरांतील काही शाळांत इंग्लंडच्या धर्तीची ए-लेव्हल किंवा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट नावाची परीक्षा असते. तिथेही दोन वर्षांचा अभ्यास शेवटच्या काही आठवड्यांत तपासला जातो. मात्र बॅकलॉरिएटमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या विषयावर चार हजार शब्दांपर्यंतचा एक निबंधही लिहावा लागतो आणि तो महिनोन्महिने, शिक्षकाच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने पुरा होतो. ही चाल आपणही घ्यावी. परीक्षा कोणत्याही मंडळाची असो, मेंदू एकच आहे आणि तो एका रात्रीत दोन वर्षांचे काम करीत नाही.

शेतकऱ्याप्रमाणे उलटे मोजा

वेळापत्रक परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत करावे. धान करणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. १२० दिवसांचे धान असेल तर कापणीपासून मागे येत तो पऱ्हे टाकण्याचा दिवस ठरवतो. मुलीच्या वडिलांना मी हेच म्हटले, तेव्हा त्यांना वेळापत्रक पटकन समजले.

समजा १ नोव्हेंबरला सुरुवात केली आणि १० फेब्रुवारीला पेपर आहे. दिवस होतात १०२. त्यात दिवाळी आहे, धानाची कापणी-मळणी आहे, एखादे लग्न आणि एखादा ताप आहे. म्हणून हाती ८० दिवस धरावेत. आता एक दिवस घ्या. २४ तासांतून आधी झोपेचे ८ काढा. कॉलेज आणि प्रवासाचे ७, जेवण, आंघोळ, घरकामाचे अडीच. उरले साडेसहा. त्यातला दीड तास खेळ, फिरणे, घरच्यांशी बोलणे यासाठी सोडा. अभ्यासाला ५ तास मिळतात. पाच गुणिले ऐंशी, म्हणजे ४०० तास. हे तास थोडे नाहीत. पन्नास मिनिटे अभ्यास आणि दहा मिनिटे विश्रांती अशा बैठका कराव्यात. डिसेंबरअखेर नवीन वाचन संपवावे आणि शेवटचे तीन आठवडे फक्त उजळणी व पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविणे यासाठी राखावेत.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप लागते. आपण झोपतो तेव्हा मेंदू झोपत नाही. दिवसभरात शिकलेले आधी मेंदूच्या हिपोकॅम्पस नावाच्या लहानशा भागात तात्पुरते साठते आणि गाढ झोपेत ते पुन्हा पुन्हा उजळून कायमच्या कोठारात जाते. झोप तोडली तर माल धक्क्यावरच पडून राहतो. रात्री दोनपर्यंत वाचलेले सकाळी आठवत नाही, याचे कारण बुद्धी कमी असणे हे नाही. त्या वाचनावर झोप मिळालेली नसते.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी अनुभवातून शिकलो. भौतिकशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. चहाचे किती पेले झाले याचा हिशेब नाही. दुसऱ्या दिवशी जी सिद्धता मी वर्षभर वर्गात फळ्यावर करून दाखवीत असे, तिची दुसरी ओळ आठवेना. पेपर संपला, बाहेर पडून झाडाखाली बसलो आणि पूर्ण सिद्धता डोळ्यांसमोर आली. मेडिकलच्या यादीत माझे नाव लागले ते अगदी तळाला. त्या एका रात्रीने एक जागा माझ्या हातून जवळजवळ नेली होती.

वाचू नका, आठवा

एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवून दिले की नवे पाठ केलेले आपण पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वात वेगाने विसरतो. उपाय सोपा आहे. आज शिकलेला धडा उद्या, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने पाहावा. पाहावा म्हणजे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहावा, मग पुस्तक उघडून तपासावा. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी दोन गट तपासले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवड्यानंतर अधिक ध्यानात राहिले होते. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित केल्याने समाधान मिळते, पण स्मरण पक्के होत नाही.

रक्त तपासा

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या दर दहा मुलींपैकी जवळजवळ सहा मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. रक्त कमी म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी. मुलगी वही उघडून बसते, पण मन लागत नाही आणि घरचे तिला आळशी म्हणतात. दिवाळीपूर्वीच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण गोळ्या सुरू केल्यावर ते भरून यायला दोन-तीन महिने लागतात. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, घाबरून गोळी बंद करू नये. गोळीसोबत आणि जेवणासोबत चहा घेऊ नये, लिंबू मात्र जरूर घ्यावे. ताटात चणे, डाळी, हिरव्या पालेभाज्या असाव्यात, चालत असेल तर अंडी-मासळी. परीक्षेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक तपासणी आवश्यक आहे, ती सिकलसेलची. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा जीवशास्त्राच्या पेपरच्या सकाळी आला, नव्हे, खाटेवर टाकून आणला. हातापायांत असह्य वेदना होत्या. तीन रात्री थंडीत जागरण, पाणी कमी, जेवण अर्धवट. सिकलसेल असल्याचे घरी ठाऊक होते, पण पुढे बहिणीच्या लग्नाला अडचण नको म्हणून शाळेला सांगितले नव्हते. त्या दिवशी तो पेपर देऊ शकला नाही. पालकांनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळू शकते, मात्र शाळेमार्फत आधी अर्ज करावा लागतो. सिकलसेलच्या मुलाने भरपूर पाणी प्यावे, थंडीत अंग झाकावे, जागरण अजिबात करू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत.

जागे राहण्याची विषारी साधने

चहातील कॅफिन पाच तासांनंतरही निम्मे रक्तात उरते, म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. मुलांमध्ये आणखी एक गैरसमज आहे, की खर्रा खाल्ला की झोप उडते आणि अभ्यास होतो. तंबाखूने काही मिनिटे तरतरी येते, मग तलफ येते आणि मन पुस्तकाऐवजी पुडीकडे जाते. तोंड पुरते उघडत नाही अशी अवघ्या विशीतली मुले मी तपासली आहेत. त्यांतल्या काहींनी सुरुवात परीक्षेच्या रात्रीच केली होती. मोबाइल झोपण्याआधी तासभर दुसऱ्या खोलीत ठेवावा. ताकदीची सुई, बुद्धीचे टॉनिक, सलाईन यांनी स्मरणशक्ती वाढत नाही. सुरुवातीच्या काळात आग्रहाला बळी पडून मीही अशी टॉनिके लिहून दिली, हे कबूल करतो.

परीक्षेची रंगीत तालीम

रात्री अभ्यास करणाऱ्याचा मेंदू दुपारी पेंगतो. म्हणून शेवटचा महिनाभर, सुटीच्या दिवशी, सकाळी ११ ते २ याच वेळेत घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहावा. नीटसाठी हीच तालीम दुपारी २ ते ५ करावी. २०२५ मध्ये त्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जात होता. डुलकीची किंमत किती, ते यावरून समजते.

पेपरच्या दिवशी दोन तास आधी नेहमीचेच जेवण करावे, वरणभात किंवा पोहे उत्तम. उपवास नको, नवा पदार्थ नको. केंद्र परगावी असेल तर शक्यतो आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा डोक्याला दुपट्टा आणि घरून निघण्यापूर्वी पाणी हवे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती पेय पुरेसे आहे. प्रश्नपत्रिका पाहून छाती धडधडली तर डोळे मिटून चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा, असे दहा वेळा करावे. दोन मिनिटे जातात, पण पुढचे तीन तास वाचतात.

पालकांसाठी दोन शब्द

मूल एकाएकी गप्प झाले, जेवण सोडले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटे सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. एखादा विषय राहिलाच, तर मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. वर नमूद केलेल्या मुलाने तीच दिली आणि तो उत्तीर्ण झाला. परीक्षा पुन्हा देता येते, मूल पुन्हा मिळत नाही.

पवनीच्या त्या मुलीने महिनाभराने नवी वही आणून दाखवली. पहिली ओळ होती, "रात्री १० ते सकाळी ६, झोप." दुसरी, "सकाळी ८, जेवण." खाली वडिलांची सही होती. ती मी मागितली नव्हती. वडील म्हणाले, "आता रात्री दहाले मीच दिवा बंद करतो, साहेब." फेब्रुवारीत ती सगळे पेपर पूर्ण वेळ बसून लिहू शकली, चक्कर आली नाही. तिचे गुण मी इथे सांगत नाही, ते तिचे आहेत.

आपल्याही घरात बारावीचे मूल असेल तर आज त्याचे वेळापत्रक मागून पाहा. त्यात झोपेची ओळ नसेल, तर ती सर्वांत वर, आपल्या हाताने लिहा.