माळ्यावरची भरमार आणि नोंदीची धास्ती

प्रश्न : ज्ञानगंगा अभयारण्यालगत आमचं शेत आहे. रानडुकरांपायी वडिलांनी घेतलेली भरमार बंदूक ते वारल्यापासून माळ्यावर पडून आहे. परवाना मागितला तर चौकशी होईल, कायमच्या नोंदीत नाव जाईल, अशी भीती वाटते. – एक वाचक, मोताळा

उत्तर : नोंदीपेक्षा माळ्याची भीती बाळगा! वडिलांचा परवाना तुम्हाला चालत नाही. बंदूक आधी पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या. मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पोलीस अहवाल मागवला जातोच. परवानाधारकाला देशपातळीवरच्या संगणकीय नोंदीतला क्रमांक मिळतो. उद्या बंदूक चोरीला गेली, तर हीच नोंद तुमच्या कामी येईल. आणि हो, परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी.