उपाहारगृहांतील मनुष्यबळ व आपले कर्तव्य

अन्न शिजविणारे हात कमी पडले, तर वखारीतील धान्यास उठाव राहत नाही, हे आम्हां धान्यव्यापाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर गोव्यातील हॉटेलांचे अनेक कामगार आपापल्या गावी परतले. त्यांतील कित्येक पुन्हा आले नाहीत. ऑक्टोबरात हंगाम उघडतो तेव्हा खोल्या सज्ज असतात, आचारी व वाढपी मात्र मिळत नाहीत.

यावर केवळ पगारवाढ पुरेशी नाही, शिक्षण हवे. श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईत या विषयाची शिक्षणसंस्था निघाली. गोव्यात पर्वरी येथेही अशी संस्था आहे. केंद्रीय पर्यटन खात्याने २००९-१० मध्ये काढलेल्या ‘हुनर से रोजगार तक’ योजनेत ८ वी उत्तीर्ण तरुणांस ६ ते ८ आठवड्यांत पाककाम वा वाढपाचे काम विनामूल्य शिकविले गेले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये विद्यावेतन देऊनही उमेदवार तयार करता येतात.

परंतु उमेदवार आपण होऊन येत नाही. स्वयंपाकघरातील चाकरी हलकी, असा पालकांचा समज असतो. म्हणून पावसाळ्याच्या मंदीतच गावोगावच्या शाळांत जाऊन पालकांस भेटावे. राहण्याची सोय, साप्ताहिक सुटी व पुढील बढती स्पष्ट सांगावी. म्हणजे हंगामापूर्वी शिक्षण पुरे होईल. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य करून सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक सिद्ध करण्याची रीत आपल्या भोजनशाळांत शिकविता येईल.

बियाणे राखल्यावाचून पुढील पीक येत नाही, हे धान्याच्या व्यापाऱ्याने तरी विसरू नये.