कंबोडियातल्या वर्गात पहिला दिवस

अंगकोर वाटच्या मंदिरामुळे सिएम रीप हे शहर जगाला ठाऊक आहे. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला मी स्वयंसेविका म्हणून गेले. कंबोडियात बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत चालतात, त्यामुळे मुलांचा अर्धा दिवस मोकळा असतो. त्या वेळात गावातल्या केंद्रावर इंग्रजीचा वर्ग भरतो. पहिल्या दिवसाने मला जे शिकवलं, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. आधी वर्ग बघा, मग खडू हातात घ्या.
पहिला तास मागे बसून तिथल्या शिक्षिकेचं शिकवणं पाहावं. चपला दाराबाहेर निघतात. शिक्षिका आत येताच मुलं उभी राहून हात जोडतात. समोरचा माणूस जितका आदरणीय, तितके जोडलेले हात वर जातात. शिक्षकांसाठी ते नाकापर्यंत येतात, भिक्खूंसाठी त्याहूनही वर. मुलांना नमस्कार परत करा. ओळख तिथूनच सुरू होते.

२. कौतुक करा, पण डोक्याला हात लावू नका.
आपल्याकडे मुलाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवतात. कंबोडियातले ख्मेर लोक डोकं पवित्र मानतात, म्हणून परक्याने त्याला स्पर्श करणं तिथे बरं दिसत नाही. टाळ्या वाजवा, उत्तर बरोबर आलं की सगळ्या वर्गाकडून वाजवून घ्या.

३. हुकूम द्या, पण अंगाने.
‘स्टँड अप’, ‘सिट डाउन’, ‘टच युअर नोज’ असं म्हणत स्वतः करून दाखवा. मूल आधी ऐकतं, मग करतं आणि बोलतं सगळ्यात शेवटी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी याच क्रमावर आपली शिकवण्याची पद्धत उभी केली. पहिल्या दिवशी गप्प राहिलेल्या मुलाला बोलायला लावू नका. ते नाकाला बोट लावतंय, म्हणजे त्याला समजतंय.

४. सहापासून वेग कमी करा.
ख्मेर भाषेतली मोजणी पाचावर उभी आहे. सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन, अशी ती नऊपर्यंत जाते. इंग्रजीत मात्र सहा ते नऊ हे चार नवे शब्द आहेत. पाचापर्यंत मुलं झपाट्याने येतात आणि पुढे अडतात. तिथे बोटं मोजत रेंगाळावं.

५. शब्दाचा शेवट ऐका.
ख्मेरमध्ये उच्चारात शेवटी ‘स’ येत नाही. त्यामुळे ‘राइस’चं ‘राय’ होतं. नामाचं रूपही अनेकवचनात बदलत नाही, म्हणून ‘टू कॅट’ हे त्यांना पूर्ण वाटतं. मुलांना टोकू नका. शेवटचा ‘स’ सापाच्या फुत्कारासारखा लांबवा, अख्खा वर्ग आनंदाने फुत्कारतो.

६. दोन शब्दांत बोटाची जागा.
ख्मेर लिपीत शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत, त्यामुळे मुलांचं इंग्रजी वाक्यही सलग येतं. प्रत्येक शब्दानंतर डाव्या हाताचं बोट ठेवायला सांगा, ओळ सुटी होते. त्यांची ३३ व्यंजनं आपल्यासारखीच क-वर्ग, च-वर्ग अशी लावलेली असतात. दोन्ही लिप्यांचं मूळ ब्राह्मीत आहे. फळ्यावरचा तो तक्ता मुलं म्हणतात, तेव्हा मराठी माणसाला परकं वाटत नाही.

७. वर्ग तिथल्या शिक्षिकेचा आहे.
१९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने शाळा बंद केल्या आणि असंख्य शिक्षकांचे जीव घेतले. त्या देशाने शिक्षक पुन्हा एकेक करून घडवले आहेत. आपण मदतनीस म्हणून उभं राहावं, धडा शिक्षिकेशी बोलून ठरवावा आणि काय शिकवलं ते वहीत लिहून ठेवावं. आपण निघून गेल्यावर वर्ग त्याच चालवणार असतात.

शेवटचं सांगणं जाण्याआधीचं आहे. अनाथालयात चार दिवस शिकवण्याचं आमंत्रण आलं तर नाही म्हणा. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशांमुळे मुलं घरापासून लांब ठेवली जातात. स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणारी, स्थानिक शिक्षक नेमणारी आणि मुलांचे फोटो काढू न देणारी संस्था निवडा. निदान काही महिने देता येत असतील, तरच जा.