मिठातील क्लोरीन आणि विहिरीतील क्लोरीन

पावसाळा तोंडावर आला, की गावोगावच्या ग्रामपंचायतींना एका पांढऱ्या भुकटीची आठवण होते. तिला कोणी टी.सी.एल. म्हणतात, कोणी ब्लीचिंग पावडर, तर शालेय पुस्तके विरंजक चूर्ण म्हणतात. नोंदवहीत 'विहिरीत पावडर टाकली' असा शेरा पडतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. परंतु ही भुकटी नेमके काय करते आणि कधी काहीच करीत नाही, हे समजून घ्यावयाचे तर पदार्थविज्ञानाच्या पहिल्या धड्याकडे वळावे लागते. शाळेत पाठ केलेल्या मूलद्रव्य, संयुग व मिश्रण या तीन शब्दांशी गावाच्या आरोग्याचा संबंध किती निकटचा आहे, हे त्यावरून ध्यानी येईल.

मूलद्रव्य म्हणजे काय?

ज्या पदार्थाचे रासायनिक क्रियेने याहून साध्या पदार्थांत विघटन करता येत नाही, त्यास मूलद्रव्य म्हणतात. आज अशी ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. क्लोरीन हे त्यांपैकी एक असून त्याचा अणुअंक १७ आहे. १७७४ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने मँगनीजच्या एका खनिजावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून हा वायू प्रथम मिळविला. मँगनीजची खनिजे आपल्याकडे नागपूर व भंडारा जिल्ह्यांत सापडतात. हा वायू म्हणजे ऑक्सिजनचे एखादे संयुग असावे, असा समज पुढे कित्येक वर्षे होता. १८१० साली सर हम्फ्री डेव्ही यांनी ते मूलद्रव्यच असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून त्यास क्लोरीन हे ग्रीक वळणाचे नाव दिले.

रंग, वास, घनता, उत्कलनबिंदू हे पदार्थाचे भौतिक गुणधर्म होत. क्लोरीनचा वास उग्र व गुदमरविणारा असून तो हवेच्या सुमारे अडीचपट जड आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हा वायू शत्रूवर सोडला, तेव्हा जड असल्यामुळेच तो सैनिकांच्या खंदकांत उतरून साचला. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनच्या टाकीस गळती लागल्यास खाली बसू नये, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस व उंच जागी जावे, असे सांगतात त्याचे कारण हेच.

संयुगाचे नवे गुण

दोन वा अधिक मूलद्रव्ये ठराविक प्रमाणात रासायनिक रीतीने संयोग पावली म्हणजे संयुग तयार होते, आणि त्याचे गुण घटकांच्या गुणांहून सर्वस्वी निराळे असतात. मीठ हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण. सोडियम हा सुरीने कापता येण्याजोगा मऊ धातू असून पाण्यात पडताच तो जोराने पेट घेऊ शकतो. क्लोरीन तर विषारी वायू. या दोहोंच्या संयोगातून मात्र रोजच्या जेवणातले मीठ बनते. वसई किंवा उरणच्या मिठागरांत खाजणाचे पाणी उन्हाने आटते आणि मीठ खाली राहते, हा केवळ भौतिक बदल होय. समुद्राचे पाणी हे मिश्रण असल्यामुळे त्यातील मीठ असे वेगळे करता येते. मिठातून क्लोरीन वेगळा काढावयाचा तर मात्र त्याच्या द्रावणातून वीजप्रवाह सोडावा लागतो. तो रासायनिक बदल होय.

आता एक प्रश्न विचारू. ५८.५ ग्रॅम मिठात ३५.५ ग्रॅम क्लोरीन असतो, म्हणजे वजनाच्या सुमारे ६१ टक्के. उत्तम प्रतीच्या टी.सी.एल.मध्ये उपयोगी पडणारा क्लोरीन सुमारे ३३ टक्केच असतो. मग विहिरीत मीठच का टाकू नये?

याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. क्लोरीनच्या बाह्य कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात व ती पूर्ण होण्यास एक कमी पडतो. मिठात सोडियमकडून तो मिळून गेलेला असतो. असा तृप्त झालेला क्लोरीन जंतूंच्या वाटेस जात नाही. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून बनविलेल्या टी.सी.एल.ची गोष्ट वेगळी. पाण्यात मिसळताच तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्यातील क्लोरीनची भूक शिल्लक असते. ती भागविण्यासाठी तो जंतूंच्या शरीरातील द्रव्यांवर तुटून पडतो आणि जंतू मरतात. क्लोरीन किती आहे याबरोबरच तो कोणत्या अवस्थेत आहे, हे म्हणून महत्त्वाचे. जंतुनाशास उपयोगी पडणाऱ्या या भागास 'उपलब्ध क्लोरीन' अशी संज्ञा आहे.

कोठारातील भुकटी

उघड्या पोत्यात, दमट जागी वा उन्हात ठेवलेली टी.सी.एल. हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे विघटन पावते. काही क्लोरीन उडून जातो, तर काही मिठातल्याप्रमाणे तृप्त अवस्थेस जातो. भुकटी पांढरीच दिसते, तिचे वजनही फारसे घटत नाही, पण जंतू मारण्याची शक्ती निघून जाते.

पुढील हिशेब पाहावा. विहिरीचा व्यास ५ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे ७८.५ घनमीटर अर्थात ७८,५०० लिटर पाणी होते. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा असल्यास ७८.५ ग्रॅम उपलब्ध क्लोरीन हवा. त्यासाठी भुकटी किती लागेल?

३३ टक्के शक्तीची – सुमारे २३८ ग्रॅम
२० टक्के शक्तीची – सुमारे ३९३ ग्रॅम
१० टक्के शक्तीची – ७८५ ग्रॅम

नाव एकच, गरज मात्र तिपटीहून अधिक. शिवाय गढूळ पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये बराचसा क्लोरीन आधीच फस्त करतात. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतुनाशाची हमी मिळत नाही. दोहोंची कामे वेगळी आहेत.

काय करावे?

भुकटी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. ॲसिडजवळ ती कधीही ठेवू नये, कारण दोहोंच्या संयोगाने विषारी वायू सुटतो. वापरताना बादलीत थोड्या पाण्याने तिची पेस्ट करावी, मग पाणी घालून ढवळावे. चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच विहिरीत सोडून पाणी चांगले हलवावे. त्यानंतर निदान एक तास पाणी भरू नये.

शेवटी पाण्याची परीक्षा घ्यावी. ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकताच नमुन्यास पिवळा रंग आला किंवा डीपीडी गोळीने गुलाबी रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा, असे भारतीय मानक सांगते. ऑर्थोटॉलिडीन आरोग्यास घातक असल्याने ते हातास लागू देऊ नये आणि तपासलेला नमुना पुन्हा विहिरीत ओतू नये.

ही परीक्षा शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर करून दाखविली, तर मूलद्रव्य व संयुग यांतील भेद त्यांच्या कायमचा स्मरणात राहील. पंचायत सदस्यांनीही 'पावडर टाकली' या शेऱ्यावर संतुष्ट न राहता त्यापुढे आलेल्या रंगाची नोंद पाहण्याचा आग्रह धरावा. पटकी व अतिसार यांसारख्या रोगांपासून गावाचे रक्षण व्हावयाचे, तर विहिरीच्या पाण्यात भुकेला क्लोरीन उरला आहे याची खात्री रोजच्या रोज व्हावयास हवी.