टीवायनंतर हिमाचल की इंटर?

टीवाय बीकॉमला असलेल्या मुलांचे आईवडील सीएबद्दल विचारायला येतात, तेव्हा बाबांचा सूर ठरलेला असतो: "डिग्री झाली की लगेच इंटरला बसवू, वर्ष वाया जायला नको." आई जरा थांबून म्हणते, "त्याला मित्रांबरोबर महिनाभर हिमाचलला जायचंय हो. जाऊ द्यावं का?"

जाऊ द्या. फक्त कधी जायचं, ते कॉलेजच्या सुट्ट्यांवरून न ठरवता सीए इन्स्टिट्यूटच्या तारखा समोर ठेवून ठरवा.

बीकॉमला 55 टक्के पडणार असतील, तर फाउंडेशन न देता थेट इंटर देता येते. टीवायला असतानाच तात्पुरती नोंदणी होते आणि त्यानंतर आठ महिने जावे लागतात. म्हणजे 1 सप्टेंबरपर्यंत नोंदणी केली तर मे, 1 जानेवारीपर्यंत केली तर सप्टेंबर. मेचा मोह बहुतेकांना होतो. पण सहाव्या सेमिस्टरची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, कधी त्याहूनही लांबते. मग इंटरच्या सहा पेपरांना दिवस उरतात किती? शिवाय या ओढाताणीत डिग्रीचे टक्के 55 च्या खाली घसरले, तर थेट प्रवेशच हातचा जातो. माझं मत सप्टेंबरला.

नात्यातला एखादा सीए झालेला दादा सांगतो, "एक ग्रुप काढ, आर्टिकलशिप लाव, दुसरा होईल सावकाश." त्याच्या वेळी ते चालायचं. जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही. तिची मुदत मात्र तीन वर्षांवरून दोनवर आली आहे.

सप्टेंबरचे पेपर संपले की निकाल साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मधला ऑक्टोबर फिरायला उत्तम. पाऊस सरलेला असतो, डोंगरातले रस्ते बहुतेक मोकळे असतात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे ऐन अभ्यासाच्या ऑगस्टात. तेवढं तिकीट बाबांनी काढावं. परतीचं मात्र निकालाच्या आठवडाभर आधीचं हवं, कारण एखादा ग्रुप राहिलाच तर जानेवारीचा अटेम्प्ट दोन महिन्यांवर आलेला असतो.

दोन्ही ग्रुप सुटले, तर फायनलचा हिशेब आत्ताच मांडून बघा. आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने जावे लागतात, आणि परीक्षेच्या महिन्याच्या 1 तारखेला ते पूर्ण झालेले असावे लागतात. समजा, मुलगी 10 नोव्हेंबर 2026 ला फर्ममध्ये रुजू झाली. नोव्हेंबर 2028 मध्ये ती मोकळी होईल, पण मे 2029 ची फायनल तिला थोडक्यात हुकेल. पहिली संधी सप्टेंबर 2029. तिची मैत्रीण जानेवारी 2027 च्या मध्याला रुजू झाली, तरी तिचीही पहिली संधी तीच! म्हणजे दोन महिने उशिरा लागल्याने अटेम्प्ट बुडत नाही. फायनलच्या अभ्यासाचे दोन महिने मात्र जातात, आणि चांगल्या फर्म निकाल लागताच मुलं घेऊन मोकळ्या होतात. तेव्हा मुलाखती आधी उरकाव्यात, रुजू व्हायची तारीख नंतरची मागून बघावी. रुजू होण्याआधीचे आयटी आणि ओरिएंटेशनचे कोर्सही याच काळात बसतात.

'आर्टिकलशिप करता करता लडाख करू' हा बेत मात्र मनातून काढून टाका. रजा वर्षाला 12 दिवस. त्यापुढची प्रत्येक रजा शेवटी भरून द्यावी लागते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झालेल्याने दहा दिवस जादा घेतले, तर त्याची आर्टिकलशिप मार्चमध्ये सरकते आणि सप्टेंबरची फायनल थेट पुढच्या जानेवारीवर जाते. मोठा प्रवास एक तर आर्टिकलशिपच्या आधी, नाहीतर फायनल देऊन निकालाची वाट बघताना. मधल्या दोन वर्षांत गणपती, एखादं घरचं लग्न आणि फार तर शनिवार-रविवारचा ट्रेक.