जुनी कार्यप्रणाली काढण्यापूर्वी शाळेचे दप्तर सांभाळणे

संगणकाची सर्व कामे जिच्या आधारे चालतात तिला कार्यप्रणाली, व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणतात. विंडोज १० या प्रणालीस मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. अनेक जुने संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. अशा संगणकावर लिनक्सवर आधारलेली, सी-डॅक या शासकीय संस्थेची ‘बॉस’ ही विनामूल्य प्रणाली बसविता येते. तथापि, ती जुन्या प्रणालीच्या जागी बसवायची असेल, तर जुनी प्रणाली काढावी लागते.

दिघोरीसारख्या गावच्या शाळेत संगणक एकच असेल, तर निकालपत्रके, नोंदी व पत्रव्यवहार त्यातच साठलेला असतो. डिस्क पुसली की हे सर्व जाते.

पूर्वतयारी : सर्व फायली बाहेरील डिस्कवर उतरवाव्या व दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतील मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. अशा फायलीत वस्तुतः इंग्रजी अक्षरांची चिन्हे साठविलेली असतात. त्यांना देवनागरी रूप फाँट देतो. विंडोजबरोबर तो फाँट गेला की मराठी मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसू लागतो. सबब असा मजकूर आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा व पीडीएफ प्रतही ठेवावी.

कृती : ज्या फांदीवर बसावे ती तोडता येत नाही, त्याचप्रमाणे चालू असलेल्या विंडोजकडून विंडोज पुसता येत नाही. म्हणून नवी प्रणाली भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. प्रथम काहीही न पुसता पडदा, कळफलक, आवाज व छपाईयंत्र चालतात का, ते पाहावे. नंतरच डिस्क पुसून प्रणाली बसविण्याचा पर्याय निवडावा.

दक्षता : काम अर्धवट असताना वीज गेल्यास संगणक सुरू न होण्याचा धोका असतो, यूपीएस जोडावा. प्रती घेतलेली डिस्क त्या वेळी संगणकापासून अलग ठेवावी, म्हणजे चुकून तीच पुसली जाणार नाही.

वर्गात उपयोग : पाटीवरील मजकूर वहीत उतरवून, जोडीदाराकडून तपासून घेऊन मगच पाटी पुसावी, असा खेळ मुलांकडून करून घ्यावा. न तपासलेली प्रत प्रत नव्हे, हे तत्त्व त्यांना सहज उमजेल.